खंय आसस?

मालवणची आत्या फोनवर 'हॅलो' म्हणत नाही. तिचा पहिला शब्द ठरलेला: "खंय आसस रे?" मी कुठे आहे हे कळल्याखेरीज पुढचं बोलणं नाही. मांडवी एक्स्प्रेसनं कुडाळला निघालो की वाटेत चार वेळा तरी हा प्रश्न येतो, कारण बांगडे कधी साफ करायला घ्यायचे ते माझ्या उत्तरावर ठरतं.

घरात लँडलाइन होती तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नसे. तेव्हा विचारायचे, "कोण बोलतंय?" फोन कुठे आहे हे ठाऊकच असायचं. भरतकामाच्या रुमालाखाली तो वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेला असायचा. ठाऊक नसायचं ते उचलणारं माणूस. मोबाइलनं हे उलटं केलं. कोण बोलणार हे पक्कं, कुठून बोलणार ते मात्र सांगता येत नाही.

आत्या मला हा प्रश्न विचारते, त्याच्या काही सेकंद आधी तोच प्रश्न मोबाइलच्या जाळ्यानं विचारलेला असतो आणि त्याचं उत्तरही मिळवलेलं असतं. तिनं हिरवं बटण दाबणं आणि माझा फोन वाजणं यांच्यामध्ये काही सेकंदांची शांतता असते. जाळ्याचं सगळ्यात अवघड काम त्या शांततेत उरकतं. आवाज दूरवर नेणं त्या मानानं जुनी गोष्ट. ती बेलनं १८७६ सालीच साधली होती. देशातल्या शंभर कोटींहून अधिक मोबाइल जोडण्यांमधून धावत्या गाडीच्या खिडकीशी बसलेला एक फोन हुडकून काढणं, ही खरी करामत.

त्या शांततेची चाहूल एके काळी कानाला लागायची. २००० नंतरची काही वर्षं आठवा. रेडिओ किंवा कॉम्प्युटरचे स्पीकर चालू असताना मध्येच 'टर्र-टर-टर-टर्र' असा खरखराट व्हायचा आणि क्षणभरानं शेजारचा मोबाइल वाजायचा. आमच्याकडे आजी त्या आवाजावरूनच "फोन येतोय बघ" म्हणायची, आणि फोन यायचाच. तो खरखराट म्हणजे फोननं हाकेला दिलेली ओ होती. जीएसएम या तेव्हाच्या मोबाइल पद्धतीचा फोन सलग लहरी सोडत नाही. सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्यानं सोडतो. लहरींची ती उघडझाप स्पीकरच्या तारा पकडायच्या, आणि २१७ कंपनं माणसाच्या कानाला सहज ऐकू येतात. नेमकी २१७ का, ते पुढे येईलच.

आधी हाक कशी पोचते ते पाहू.

लँडलाइनचा नंबर हाच पत्ता असे. ०२० म्हणजे पुणे, ०२३६५ म्हणजे मालवण, आणि त्यापुढचे आकडे एक्स्चेंजमधून कुणाच्या तरी भिंतीपर्यंत गेलेल्या तांब्याच्या तारांच्या एका जोडीचे. मोबाइलच्या दहा आकड्यांत पत्ता नाही. सुरुवातीचे आकडे पूर्वी निदान कंपनी आणि प्रदेश सांगत. २०११च्या जानेवारीत नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली आणि त्यांच्यावरही भिस्त ठेवता येईना. तेव्हा माणूस कुठे आहे याची नोंद वेगळी ठेवावी लागते, आणि तो हलला की ती बदलावी लागते.

जुन्या काळी परगावचा माणूस मुक्कामाला आला की चावडीवर वर्दी जायची. मोबाइलचं जाळं नेमकं याच रीतीवर उभं आहे. प्रत्येक कंपनीकडे आपल्या ग्राहकांची एक मूळ नोंदवही असते. तिच्यात माझ्या नावासमोर मी सध्या कोणत्या चावडीच्या हद्दीत आहे, एवढंच लिहिलेलं असतं. प्रत्येक चावडीकडे आलेल्या पाहुण्यांची आपली एक वही असते. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल आहे, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. गाडी मुंबई सोडून कोकणाकडे वळली की माझा फोन, मी खिशातून न काढताही, नव्या हद्दीला कळवतो की मी आलोय. ती हद्द मूळ वहीला कळवते, आणि मूळ वही जुन्या चावडीला सांगते, आता त्याचं नाव खोडा.

ही हद्द केवढी असावी? मला या सगळ्या रचनेत सर्वांत आवडणारा प्रश्न हाच आहे. प्रत्येक टॉवर ओलांडताना वर्दी द्यायची ठरवली तर रेल्वेतले, बसमधले सगळे फोन अखंड वर्दीच देत बसतील. बॅटरी संपेल आणि बोलायला हवा मोकळी राहणार नाही. उलट अख्ख्या कोकणाची एकच हद्द केली तर वर्दी क्वचित द्यावी लागेल, पण एका माणसाला शोधायला शेकडो टॉवरांवरून हाका माराव्या लागतील. म्हणून मधला मार्ग: काही टॉवर मिळून एक हद्द. तिच्या आत कितीही फिरा, कुणी विचारत नाही. सीमा ओलांडली की एकदा वर्दी. जाळ्याला मी कुठे आहे हे नेमकं माहीत नसतं, साधारण माहीत असतं, आणि तेवढं पुरतं.

आत्यानं फोन लावला की तिची कंपनी माझ्या मूळ वहीला विचारते. वही हद्द सांगते. मग त्या हद्दीतल्या सगळ्या टॉवरांवरून एकाच वेळी दवंडी पिटली जाते: अमुक इथे आहे का? दवंडीत माझा नंबर नसतो आणि सिम कार्डावरची खरी ओळखही सहसा नसते. हद्दीत आल्यावर मिळालेलं एक तात्पुरतं नाव पुकारलं जातं, म्हणजे हवेत कान लावून बसलेल्या कुणाला माझा माग काढता येऊ नये. हद्दीतला प्रत्येक फोन ही दवंडी ऐकतो, पण सतत नाही. खिशातल्या फोनचा रेडिओ बहुतेक वेळ झोपलेला असतो. ठरल्या क्षणी, साधारण सेकंदा-दोन सेकंदांनी, तो जागा होतो, आपलं नाव आहे का ऐकतो, नसलं की पुन्हा झोपतो. फोन न वापरता ठेवला तर बॅटरी दिवस दिवस टिकते ती या डुलक्यांमुळे. आणि फोन वाजायला लागणाऱ्या वेळातला काही वेळ असा, त्याच्या पुढच्या जागेपणाची वाट पाहण्यात जातो.

नाव ऐकलं की ओ द्यायची. पण त्याच क्षणी आणखी कुणीतरी ओ देत असेल तर? दोघांचे आवाज एकमेकांत मिसळून टॉवरला काहीच कळत नाही. तेव्हा दोघंही गप्प होतात, प्रत्येक जण मनाला येईल तेवढा वेळ थांबतो आणि पुन्हा ओ देतो. थांबण्याचा वेळ नशिबावर सोडलेला असल्यामुळे दुसऱ्यांदा टक्कर होण्याचा संभव कमी. दारात दोन माणसं समोरासमोर आली की होतं तसंच हे, फक्त सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात.

ओ देणारा मीच कशावरून? सिम कार्डाच्या चिपमध्ये एक गुप्त संख्या कोरलेली असते, १२८ बिट्सची. तिची दुसरी प्रत फक्त कंपनीकडे. ही संख्या कधीही हवेतून जात नाही. जाळं फोनला एक भलतीच, दर वेळी नवी संख्या पाठवतं. सिम ती आपल्या गुप्त संख्येत ठरल्या रीतीनं मिसळतं आणि येईल ते उत्तर परत धाडतं. कंपनी तेच गणित आपल्याकडे करते. उत्तरं जुळली की ओळख पटली. चोरून ऐकणाऱ्याच्या हाती एक प्रश्न आणि एक उत्तर लागतं, पण पुढच्या वेळी प्रश्न बदललेला असतो. यात एक खोट राहून गेली होती. जुन्या जीएसएममध्ये फोन स्वतःची ओळख पटवायचा, टॉवरला कुणी ओळख विचारत नसे. बनावट टॉवर उभारून फोन फसवणं त्यामुळे शक्य झालं. ३जीपासून टॉवरलाही आपली ओळख पटवावी लागते. हा बदल खरं तर पहिल्या दिवसापासून हवा होता.

एवढं झालं की माझा फोन वाजतो. मी तो उचलेपर्यंत एक पैसाही लागत नाही. आपल्याकडच्या मिस्ड कॉलचं सगळं गणित यावर उभं होतं. "पोचलास की मिस्ड कॉल दे" म्हणणाऱ्या प्रत्येक आईनं नोंदवही, दवंडी, ओळखपरेड हे सारं फुकटात वापरून आपल्याला हवा तो एकच निरोप मिळवला होता.

आता बोलणं. हवेतून बोलणाऱ्यांची पहिली अडचण अशी की हवा सगळ्यांची एक आहे. एकाच ठिकाणी दोघं एकाच लहरीवर बोलले की गोंधळ. १९४६ साली अमेरिकेत सेंट लुइस शहरात मोटारीतल्या फोनची सेवा सुरू झाली, तेव्हा गाडीतल्या यंत्राचं वजन सुमारे ३६ किलो होतं, आणि शहरासाठी मध्यभागी एक उंच, ताकदवान मनोरा. वाहिन्या इन्यागिन्या. तेवढे जण बोलत असले की बाकी शहरानं थांबायचं. मनोऱ्याची ताकद वाढवून हे सुटत नाही. उलट आवाज लांबवर गेला की शेजारच्या शहरालाही त्या लहरी वापरता येत नाहीत.

१९४७च्या डिसेंबरमध्ये बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी एका अंतर्गत टिपणात याची उलट दिशा सुचवली. मनोरा मोठा करू नका, लहान करा. शहराचे मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी कप्पे पाडा, प्रत्येक कप्प्यात एक छोटा टॉवर ठेवा, आणि त्याला इतक्या हळू बोलायला लावा की त्याचा आवाज कप्प्यापलीकडे फारसा जाऊ नये. मग दोन-तीन कप्पे सोडून त्याच लहरी पुन्हा वापरता येतील. गिऱ्हाईक वाढलं की कप्पे आणखी लहान करा. जास्तीत जास्त लोकांना बोलता यावं यासाठी प्रत्येकानं हळू बोलायचं, ही कल्पना मला विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. 'सेल फोन' मधला सेल म्हणजे हाच कप्पा. जमिनीवर तो षटकोनी नसतो, डोंगर-इमारतींप्रमाणे वेडावाकडा पसरतो. दादरसारख्या गर्दीत तो काहीशे मीटरांचा, मराठवाड्याच्या मोकळ्या माळावर काही किलोमीटरांचा.

कल्पना आली तरी ती चालवायला झटपट हिशोब करणारी यंत्रं नव्हती. अडीच दशकं गेली. ३ एप्रिल १९७३ला मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोननं पहिला फोन केला तो बेल प्रयोगशाळेतल्या आपल्या प्रतिस्पर्ध्याला, जोएल एंगल यांना. कप्प्यांचं पहिलं व्यापारी जाळं १९७९ साली टोकियोत सुरू झालं, अमेरिकेतलं १९८३ साली शिकागोत. १ जुलै १९९१ला फिनलंडमध्ये जीएसएमवरचा पहिला फोन झाला, आणि ३१ जुलै १९९५ला कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना लावलेला फोन हा भारतातला पहिला मोबाइल कॉल. त्यानंतर कित्येक वर्षं आपल्याकडे येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ साली ते थांबले आणि मग कुठे फोन भाजीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या हातात आला.

एका कप्प्यातही अनेक जण असतात. जीएसएमनं त्यांना पाळीपाळीनं बोलायला लावलं. एका लहरीवर आठ जण, प्रत्येकाला ०.५७७ मिलिसेकंद मिळतात, मग सात जणांची पाळी, मग पुन्हा तो. एक फेरी ४.६१५ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ फेऱ्या. आजीच्या रेडिओतला खरखराट इथून आलेला.

इतक्या बारीक पाळ्या सांभाळायच्या तर प्रकाशाच्या वेगाचाही हिशोब ठेवावा लागतो. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. दूरचा फोन आपल्या पाळीला बोलला तरी त्याचे शब्द उशिरा पोचून पुढच्याच्या पाळीत घुसतील. म्हणून टॉवर त्याला सांगतो, तू इतका वेळ आधी बोल. या 'आधी'ला जीएसएममध्ये मर्यादा आहे आणि ती जवळपास ३५ किलोमीटरांवर संपते. जमिनीवर हे अंतर क्वचित जाणवतं. समुद्रावर मात्र मध्ये काही आडवं येत नाही. किनाऱ्यावरच्या डोंगरावरच्या टॉवरची लहर फार लांब जाते. होडी त्या मर्यादेपलीकडे गेली की फोनवर रेंज दिसते आणि तरीही फोन लागत नाही. लहर पोचलेली असते, पाळी चुकते.

आता आवाज. आत्याच्या आवाजाची मापं सेकंदाला ८,००० वेळा घेतली आणि प्रत्येक माप आठ बिट्समध्ये लिहिलं तर सेकंदाला ६४,००० बिट्स होतात. हवेत एवढी जागा नाही. जीएसएमनं ते काम १३,००० बिट्समध्ये केलं, ते असं: बांगड्याचं तिखलं पाठवायचं नाही, त्याची कृती पाठवायची. फोन दर २० मिलिसेकंदांचा आवाज तपासतो आणि तो काढताना घसा, जीभ, ओठ साधारण कसे असतील याचे आकडे बनवतो. पलीकडचा फोन त्या आकड्यांवरून तसाच घसा मनात उभा करून आवाज नव्यानं घडवतो. मी ऐकतो ती माझ्या फोननं केलेली आत्याची नक्कल असते. नक्कल माणसाच्या गळ्यावर बेतलेली, म्हणून जुन्या मोबाइलवर कुणी पेटी ऐकवली तर ती केविलवाणी वाजायची. त्यात वरचे सूर ३,४०० कंपनांच्या आसपास छाटलेले. 'स' आणि 'फ' यांच्यातला फरक बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून नाव सांगताना "सफरचंदातला स" म्हणावं लागायचं. ४जीवरच्या व्होल्टे कॉलमध्ये ही मर्यादा सुमारे ७,००० कंपनांपर्यंत गेली. आत्याचा श्वास मला पहिल्यांदा ऐकू आला तो तेव्हा.

वाटेत काही हरवणार हे धरूनच चालावं लागतं. २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे २६० बिट्स होतात. त्यातल्या महत्त्वाच्यांना जास्तीची जोड देऊन ते ४५६ केले जातात, मग पत्ते पिसावेत तसे पिसून आठ वेगवेगळ्या पाळ्यांमध्ये वाटले जातात. एखादी पाळी पूर्ण गेली तरी अख्खं अक्षर जात नाही, थोडं थोडं सगळ्यांतलं जातं, आणि ते भरून काढता येतं. माणूस गप्प असतो तेव्हा फोन जवळजवळ काहीच पाठवत नाही. बॅटरी वाचते आणि हवा दुसऱ्यांना मिळते. पण पलीकडे ठार शांतता झाली की माणसं घाबरतात, फोन कट झाला असं समजून "हॅलो, हॅलो" करतात. म्हणून ऐकणाऱ्याचा फोन स्वतःच हलकीशी सळसळ तयार करून कानात सोडतो. कुणीतरी तिकडे आहे असं वाटावं, एवढ्यासाठी. हे ज्यांना सुचलं त्यांना माणूस चांगला कळत होता.

आत्या बोलताना खळ्यात, म्हणजे अंगणात, येते. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचं घर, पावसाळ्यात त्या ओलसर. आत रेंज मरते. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांबीची. ती डोंगर, भिंत, माड अशा सगळ्यांवर आपटून अनेक वाटांनी फोनपाशी येते. काही जागी त्या एकमेकींना बळ देतात, काही जागी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि या दोन जागांत कधी वीतभरही अंतर नसतं. "जरा बाजूला हो, नीट ऐकू येत नाही" यात म्हणूनच तथ्य आहे. लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीपाशी लवकर हार मानते, पण तितकी जास्त माहिती वाहायला तिच्याकडे मोकळी जागा असते. ५जीसाठी राखलेल्या २६ गिगाहर्ट्झच्या लहरी जेमतेम सेंटिमीटरभराच्या. याहूनही आखूड, काही मिलिमीटरांच्या लहरींवर जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात प्रयोग केले होते. तेव्हा त्यांचा व्यवहारात उपयोग काय, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

टॉवरच्या पुढे बहुतेक तारांचं राज्य आहे. मोबाइल बिनतारी असतो तो पहिल्या आणि शेवटच्या एक-दोन किलोमीटरपुरता. मधला प्रवास रस्त्याकडेला पुरलेल्या काचेच्या तंतूंमधून, प्रकाशाच्या रूपात. दुबई-मस्कतला असलेल्या मालवणी पोरांची बोलणी मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या केबलींमधून. डोंगरात जिथे केबल नेता येत नाही तिथे टॉवरवर पांढरे ढोलासारखे दिसणारे गोल बसवतात. ते समोरच्या टॉवरशी सरळ रेषेत बोलतात. मुसळधार पावसात त्यांचं बोलणं क्षीण होतं. तेल अवीव विद्यापीठातल्या हागित मेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली यातूनच वाट काढली: टॉवरांमधला संकेत किती क्षीण झाला यावरून पाऊस किती पडला ते मोजता येतं. कोकणाला याचा केवढा उपयोग होईल, हे मी सांगायला नको.

पुढच्या पिढ्यांनी पाळ्यांची पद्धत बदलली. ३जीनं सगळ्यांना एकदम बोलू दिलं, प्रत्येकाला वेगळा संकेत देऊन. लोकलच्या डब्यात चार भाषांच्या कोलाहलात आपला कान मराठी बोलणं बरोबर वेचून घेतो तसं. त्यात एकानंही ओरडून चालत नाही, म्हणून फोनला सेकंदाला १,५०० वेळा आवाज कमी-जास्त करायला सांगावं लागे. ४जीनं रुंद पट्ट्याचे १५ किलोहर्ट्झच्या अंतरावर शेकडो बारीक पट्टे पाडले आणि कुणाला कोणते द्यायचे ते दर मिलिसेकंदाला नव्यानं ठरवलं. तिथे आवाजासाठी राखीव रस्ता उरलाच नाही. आत्याचं बोलणं आणि कुणाचा तरी व्हिडिओ एकाच वाटेनं, पुडक्या-पुडक्यांनी जातात. नोंदवही, हद्द आणि दवंडी मात्र जशीच्या तशी राहिली.

हे जाळं एका गृहीतावर उभं आहे: सगळे एकदम बोलणार नाहीत. किती वाहिन्या पुरतील याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी मांडायला घेतलं, त्यांचा पहिला निबंध १९०९चा. एरवी ते गणित चोख चालतं. २६ जुलै २००५ला चाललं नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल थांबल्या, आणि मुंबईतला प्रत्येक माणूस एकाच वेळी तोच प्रश्न विचारायला लागला: कुठे आहेस? वीज गेलेली, टॉवरच्या बॅटऱ्या संपत आलेल्या, आणि उरलेल्या वाहिन्यांवर सगळं शहर. ज्या प्रश्नासाठी जाळं विणलं त्याच प्रश्नाच्या भारानं ते बसलं.

अशा वेळी एसएमएस अनेकदा निघून जातो. त्याला बोलण्याची वाहिनी लागत नाही. जीएसएममध्ये तो इशाऱ्यांच्या वाटेनं जातो, आणि ताबडतोब गेला नाही तर थांबून जागा मिळाली की जातो. तो १४० बाइट्सचा. रोमन अक्षरं सात-सात बिट्सची, म्हणून १६० मावतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट्स, म्हणून फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त सगळी स्वतंत्र चिन्हं. 'क्ष' तीन जागा खातो, 'स्त्री' सहा. ही रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपली लिपी नव्हती, आणि त्याची किंमत मराठीत लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं दुप्पट पैशांनी मोजली. याचं मला आजही वाईट वाटतं. तरी 'मी सुखरूप आहे' हे तेरा जागांत बसतं.

२०२३ साली देशभरातले फोन एकदम मोठ्यानं वाजले आणि आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी असल्याचा संदेश आला, ते आठवत असेल. तो एसएमएस नव्हता. त्यात कुणाचा नंबर नसतो, कुणाला शोधायचंही नसतं. टॉवर एकदाच बोलतो आणि टापूतले सगळे ऐकतात. एक हजार फोन असोत की एक लाख, हवा तेवढीच लागते. ही खरीखुरी दवंडी.

गाडी पळत असते तेव्हा माझा फोन बोलता बोलता शेजारच्या टॉवरांचा आवाज मोजत असतो आणि जीएसएमच्या रीतीनं दर अर्ध्या सेकंदाला सर्वांत मोठ्या सहा जणांची यादी कळवत असतो. पुढचा टॉवर सरस ठरला की जाळं मला तिकडे सोपवतं. किंचित सरस असून भागत नाही, चांगलाच सरस असावा लागतो. नाहीतर दोन टॉवरांच्या मध्ये चेंडूसारखी फेकाफेक व्हायची. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा येतो. तिथे एका मे महिन्यात ही यादीच कोरी झाली.

फोन नीट बंद केला की तो जाता जाता जाळ्याला निरोप देऊन जातो, आणि फोन करणाऱ्याला 'बंद आहे' असं ऐकू येतं. निरोप न देता नाहीसा झाला, दवंडीला ओ आली नाही, तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे'. या दोन वाक्यांतला फरक मी आत्याला एकदा सांगितला होता.

बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा तिचा फोन येऊन गेल्याचा एसएमएस पडला होता. मी लावला. काही सेकंद शांतता, मग घंटी, मग आत्या. तिनं विचारलं नाही.

"करबुड्याच्या भायर पडलस मां?" ती म्हणाली. "बांगडे साफ करूक घेतलंय."